वीट कोणाच्या हातची?

प्रश्न : मी मूळचा मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याचा. सध्या ठाण्यात एका बांधकाम कंपनीच्या खरेदी विभागात आहे. दरवर्षी आम्ही माल पुरवणाऱ्यांकडून एक फॉर्म भरून घेतो. ‘तुमच्याकडे बालमजूर आहेत का? सक्तीची मजुरी आहे का? पर्यावरणाचे नियम पाळता का?’ असे बरेच प्रश्न त्यात असतात. ‘आहेत’ असं उत्तर आजवर एकानेही दिलेलं नाही. इकडे आमच्या पाड्यावरून दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जगायला जातात, हे मी लहानपणापासून बघत आलोय. त्या विटा शेवटी आमच्यासारख्यांच्याच साइटवर पडत असणार. कंपनीच्या वार्षिक अहवालात ‘पुरवठा साखळीतील जोखीम आणि शाश्वतता’ असं भारदस्त प्रकरण असतं. त्यात वीट कुठे असते?

उत्तर : बहुतेक वेळा नसतेच. तुम्ही खरेदीत बसता, त्यामुळे याचं कारण तुम्हाला चटकन पटेल.

आधी कंपनी जोखीम कशाला म्हणते ते बघू. माल वेळेवर आला नाही, महाग पडला, खराब निघाला किंवा त्याच्यापायी नाव खराब झालं, तर ती कंपनीची जोखीम. २०११ च्या मार्चमध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला तेव्हा टोयोटाच्या लक्षात आलं, की आपल्याला माल देणाऱ्याला माल देणारा कोण, हेच आपल्याला पुरतं ठाऊक नाही. मग त्यांनी साखळीच्या खालच्या पायऱ्यांपर्यंतची यादी बांधली आणि चिपसारख्या नाजूक मालाचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला. २०२१ मध्ये जगभर चिपचा दुष्काळ पडला तेव्हा सुरुवातीचे काही महिने टोयोटाने इतरांपेक्षा बरा तग धरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्याकडच्या मारुतीला उत्पादन नेहमीच्या चाळीस टक्क्यांवर आणावं लागणार असल्याचं जाहीर करावं लागलं. गाडीच्या किमतीत चिपचा वाटा तो केवढा! पण तिच्याविना गाडी कारखान्याबाहेर पडेना, म्हणून कंपन्यांनी साखळी पार तळापर्यंत खणून काढली.

तेव्हा ‘इतक्या खालपर्यंत बघणं आम्हाला शक्य नसतं’ असं कोणी म्हणालं, तर ते जपूनच ऐका. काम अडलं की दिसतं. विटेवाचून कोणाचं अडत नाही. एका भट्टीचा माल आला नाही तर सप्लायर दुसऱ्या भट्टीचा ट्रक पाठवतो.

आता कागद कसा चालतो ते पाहा. सेबीने मे २०२१ मध्ये ‘व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल’ म्हणजे बीआरएसआर आणला, आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा केला. त्यात मानवी हक्कांचं वेगळं प्रकरण आहे. पण ‘माल पुरवणाऱ्यांपैकी किती टक्क्यांकडे तुम्ही बालमजुरी, सक्तीची मजुरी, वेतन तपासलंत?’ हा प्रश्न ऐच्छिक रकान्यात आहे. जुलै २०२३ मध्ये सेबीने एक पाऊल पुढे टाकलं. पहिल्या अडीचशे कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीचीही माहिती द्यावी, नाहीतर का देत नाही ते सांगावं, असं ठरलं. कंपन्यांनी कुरकुर केली. मार्च २०२५ मध्ये हेही ऐच्छिक झालं, मुदत एक वर्षाने पुढे गेली, आणि साखळीतला भागीदार कोणाला म्हणायचं, तर खरेदी किंवा विक्रीच्या एकूण रकमेत ज्याचा एकट्याचा वाटा दोन टक्के किंवा जास्त आहे त्याला, असं ठरलं.

हे दोन टक्के तुमच्याच खरेदीच्या वहीत घालून बघा. लोखंड येईल, सिमेंट येईल, तयार काँक्रीट येईल, लिफ्ट, काच, अॅल्युमिनियम येईल. विटांचा सप्लायर येईल का? शंकाच आहे. आणि आला तरी तो सप्लायर आहे, भट्टीवाला नव्हे. त्याच्या दुकानात दोन कारकून आणि चार ड्रायव्हर. ‘तुमच्याकडे बालमजूर आहेत का?’ याला तो ‘नाही’ लिहितो तेव्हा खोटंही बोलत नाही! पोरं भट्टीवर असतात आणि भट्टी त्याची नसते.

रकमेचं वजन आणि माणसांचं वजन यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे अशा अहवालांच्या रचनेतलं मूळ दुखणं आहे. पैशाच्या चाळणीने चाळलं की सर्वांत स्वस्त माल खाली गळतो, आणि सर्वांत स्वस्त माल स्वस्त असतो तो बहुधा त्यातल्या मजुरीमुळेच.

फॉर्मवर विसंबू नका, हे शिकवणारी याहून भयंकर उदाहरणं जगात आहेत. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये ‘एसए ८०००’ हे कामगारहिताचं नामांकित प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार गेले. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर बांगलादेशात जो ‘अकॉर्ड’ करार झाला तो आधीच्या फॉर्मपेक्षा वेगळा होता, कारण तो न्यायालयात लागू होणारा होता, तपासनीस स्वतंत्र होते, कोणत्या कारखान्यात काय दोष सापडला ते जाहीर होत होतं आणि दुरुस्तीचा पैसा उभा राहील हे बघण्याची जबाबदारी माल घेणाऱ्या ब्रँडवरही टाकली होती.

जवळचं उदाहरण उसाचं. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी एक दीर्घ शोधवृत्त छापलं. कोकाकोला आणि पेप्सिको यांच्या साखरेचा माग काढत ते महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या फडापर्यंत आले, आणि तिथली उचल, कोयता, लहान वयातली लग्नं आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया जगासमोर मांडल्या. आपल्याला यातलं काय नवीन होतं? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने एकट्या बीड जिल्ह्यात तेरा हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रिया नोंदवल्या होत्या. नवीन एवढंच की फडावरची बाई आणि शीतपेयाची बाटली एकाच वाक्यात आली. त्याआधी दोघी वेगवेगळ्या बातम्यांत होत्या.

विटेच्या बाबतीत तो माग क्वचितच काढला जातो, आणि गंमत म्हणजे तो काढणं साखरेपेक्षा कितीतरी सोपं आहे. साखर एकदा गोदामात पडली की कोणत्या फडाची, कोण सांगणार? वीट हातात घ्या. तिच्या वरच्या अंगाला लांबट खळगा असतो, आणि त्यात दोन-तीन अक्षरं उमटलेली असतात. भट्टीवाल्याच्या नावाची आद्याक्षरं, कधी मुलाचं किंवा देवाचं नाव. साच्यातच ती अक्षरं उलटी बसवलेली असतात, त्यामुळे हाताने पाडलेल्या प्रत्येक कच्च्या विटेवर ती उठतात. इतकी पक्की खूण कंपनीच्या कोणत्याही महागड्या संगणकप्रणालीत नसेल. आपण खळग्यात माल भरतो, वरून गिलावा मारतो आणि विषय संपतो.

कागदही आहे. भट्टीसाठी लागणारी माती गौण खनिजात मोडते. ती उचलायला महसूल खात्याची परवानगी लागते, ब्रासवर रॉयल्टी भरावी लागते. पारंपरिक कुंभार समाजाला ठरावीक मर्यादेपर्यंत त्यात सूट आहे. म्हणजे रीतसर चालणाऱ्या भट्टीचं गाव, गट नंबर आणि मालक तहसील कचेरीत नोंदलेला असतो. तुम्ही सप्लायरला सांगू शकता, की बिलाबरोबर भट्टीचं नाव आणि रॉयल्टीची पावती जोडा, ट्रकमधल्या विटांची अक्षरं पावतीशी जुळली पाहिजेत. याला तंत्रज्ञान लागत नाही. सप्लायर पहिल्या महिन्यात कटकट करेल, तिसऱ्या महिन्यात पावती जोडेल.

भट्टीचं नाव कळलं की मग काय विचारायचं? तिथे काम कसं चालतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण तुमच्या ऑफिसातल्यांसाठी लिहितो. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, सणाला किंवा लग्नाला किंवा नुसत्या तेला-मिठाला पैसा लागतो तेव्हा बयाणा, म्हणजे आगाऊ उचल, घेतला जातो. दिवाळीनंतर टेम्पो येतो. नवरा-बायको ही एक जोडी धरतात, पोरं बरोबर असतातच. भिवंडी, वाडा, कल्याण, वसई, जिथे शेठची भट्टी तिथे भोंगा, म्हणजे राहायची झोपडी, उभा राहतो. पहाटे काळोखात माती कालवायची, चिखलाचे गोळे करायचे, साच्यात मारायचे, ओळी लावायच्या. उन्हात वाळल्या की रचायच्या, मग भट्टी लावायची आणि तूस, कोळशाची भुकटी, लाकूड यांवर ती धुमसत ठेवायची. मजुरी हजारी, म्हणजे हजार विटांमागे इतके. दर आठवड्याला खर्ची मिळते ती पोटापुरती. खरा हिशेब पाऊस जवळ आला की.

समजुतीसाठी एक हिशेब मांडू. आकडे सोयीचे धरलेत, रीत खरी आहे. बयाणा ३०,०००. हजारी ९००. एका जोडीने हंगामात एक लाख विटा पाडल्या, म्हणजे मजुरी ९०,०००. खर्ची आठवड्याला १,५०० प्रमाणे सव्वीस आठवड्यांची ३९,०००. बयाणा आणि खर्ची वजा जाता हातात २१,००० राहायला हवेत. आता फेब्रुवारी-मार्चात एक अवकाळी सर येते आणि ओळीत वाळत असलेल्या वीस हजार कच्च्या विटांचा चिखल होतो. पडलेल्या विटा मोजल्या जात नाहीत. १८,००० गेले. पोराला ताप आला, शेठने दवाखान्याचे ८,००० दिले, ते खात्यावर चढले. जोडी सहा महिने राबून पाच हजारांचं देणं घेऊन खोडाळ्याला परत येते, आणि पुढच्या दिवाळीची भट्टी ठरलेली असते.

या हिशेबात पावसाची जोखीम कोणी उचलली? भट्टीवाल्याचा थोडा माल गेला. सप्लायरचं काहीच गेलं नाही. कंपनीला तर पाऊस पडल्याचंही कळलं नाही. बांधकाम कंपनीने सप्लायरला नव्वद दिवसांनी पैसे दिले, की सप्लायर भट्टीवाल्याला थांबवतो आणि भट्टीवाला मजुराचा हिशेब लांबवतो. लहान उद्योगांना पंचेचाळीस दिवसांत पैसे द्या असा २००६ चा कायदा आहे, पण तो माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्यांसाठी. नुसता व्यापार करणाऱ्या सप्लायरला त्याचं संरक्षण नाही, त्यामुळे साखळी तिथेच ढिली पडते. ‘जोखीम व्यवस्थापन’ हा शब्द ऐकला की मला या उतरंडीची आठवण येते. प्रत्येक पायरीवरच्या माणसाने आपली जोखीम नीट सांभाळलेली असते, म्हणजे खालच्याच्या डोक्यावर ठेवलेली असते. सगळ्यात खाली जोडी असते. तिच्या खाली कोणी नसतं.

तेव्हा ‘सक्तीची मजुरी आहे का, हो की नाही’ हे विचारणं सोडा. असं विचारा की उत्तर एका शब्दात देता येणार नाही. बयाणा किती दिला, आणि त्याची नोंद मजुराच्या हातातल्या वहीत आहे का? हिशेब महिन्याला होतो की हंगामाला? पाऊस आला तर पडलेल्या विटांची मजुरी कोण देतो? भोंग्यात किती पोरं आहेत आणि ती कोणत्या शाळेत जातात? हा शेवटचा प्रश्न हवेतला नव्हे. ठाणे जिल्ह्यात ‘विधायक संसद’ या संस्थेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ चालवून दाखवल्या होत्या. त्यावेळी जे एका संस्थेला जमलं ते कोट्यवधींच्या इमारती बांधणाऱ्यांना जमू नये, असं काही नाही.

आणि तपासायला जायचं तर जानेवारीत, न कळवता, सप्लायरच्या गाडीत न बसता. तिथेही शेठ समोर असताना कोणी बोलणार नाही. म्हणून माझी सूचना उलटी आहे. तपासणी भट्टीवर अर्धी करा आणि अर्धी खोडाळ्याला करा. पावसाळ्यात, माणसं घरी असताना, आवणीची कामं उरकल्यावर. कोणता शेठ हिशेब चोख देतो, कोणाकडे पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, हे पाड्यावर शेंबडं पोरही सांगेल. तुमच्या कंपनीला ज्यासाठी बाहेरच्या सल्लागाराला फी द्यावी लागते ती माहिती तुमच्या गावात चुलीपाशी पडलेली आहे. अहवाल लिहिणाऱ्यांनी तुम्हाला अजून ती विचारली नाही, याचं मला नवल वाटत नाही, पण वाईट वाटतं.

एक इशारा. हे सगळं वरिष्ठांसमोर मांडलंत तर मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणेल, ‘मग लाल वीट बंदच करू, ब्लॉक वापरू.’ मुंबई-ठाण्याच्या उंच इमारतींत हे मोठ्या प्रमाणावर झालेलंच आहे. हलके ब्लॉक आले, सगळी भिंत काँक्रीटमध्येच ओतायचं तंत्र आलं. पर्यावरणाच्या बाजूने त्याला आधारही आहे. औष्णिक वीज केंद्रांची राख विटांत वापरा, असं केंद्र सरकारने सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेपासून सांगितलं आहे, आणि पालघर जिल्ह्यातच डहाणूचं वीज केंद्र आहे. सुपीक मातीचा थर वाचतो, भट्टीचा धूर कमी होतो. मी त्याच्या विरोधात नाही. पण कंपनीच्या कागदावरची जोखीम गेली म्हणजे मजुराची गेली असं नव्हे. ती जोडी दुसरीकडे जाते, रेतीवर, खडी क्रशरवर किंवा तुमच्याच साइटवर बिगारी म्हणून, कदाचित आणखी मोठ्या बयाण्यावर. चांगला भट्टीवाला शोधून त्याला हजारी वाढवून देणं आणि वेळेवर पैसे देणं हे जास्त कष्टाचं काम आहे, आणि अहवालात त्याचा फोटो छान येत नाही. माझं मत विचाराल तर आधी ते करावं.

गावातच काम मिळालं तर उत्तमच. बाएफच्या ‘मित्र’ या संस्थेने जव्हार भागात आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या, जव्हार-मोखाड्यात काही ठिकाणी मोगरा लागला. जिथे पाण्याची सोय झाली तिथली काही घरं दिवाळीनंतरही उघडी राहू लागली. पण डोंगरातलं पाणी हा निराळाच विषय, त्याचा प्रश्न खाली आहे.

प्रश्न : बयाणा तर सगळेच घेतात, राजीखुशीने घेतात. मग त्याला वेठबिगारी का म्हणायचं? (मोखाडा तालुक्यातून आलेलं पत्र.)

उत्तर : नुसता बयाणा घेणं म्हणजे वेठबिगारी नव्हे. ऑफिसातला माणूसही पगाराची उचल घेतो. फरक पुढे पडतो. उचल घेतली म्हणून काम सोडून जाता येत नाही, दुसरीकडे जास्त मजुरी मिळत असून तिकडे वळता येत नाही, मोकळेपणाने फिरता येत नाही किंवा किमान वेतनाहून कमीवर राबावं लागतं, यातलं काहीही झालं की १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचं क्षेत्र सुरू होतं. राजीखुशीचा मुद्दा तिथे टिकत नाही. तो कायदा लागू झाला की ते कर्जच संपतं, फेडायचं राहत नाही. आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं सावकारावर असतं, मजुरावर नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. हो, दोन हजारच. १९७६ साली लिहिलेला आकडा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९८२ मध्ये दिलेला एक निकाल वरच्या प्रश्नालाही भिडतो. दिल्लीत एशियाडसाठी स्टेडियम आणि पूल बांधले जात होते. मजूर कंत्राटदारांनी आणलेले होते आणि त्यांना किमान वेतन मिळत नव्हतं. ‘मजूर आमचे नाहीत, कंत्राटदाराचे आहेत,’ असं म्हणून काम देणाऱ्या सरकारी यंत्रणांना सुटता येणार नाही, असं न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने सांगितलं. भुकेपोटी किमान वेतनाहून कमीवर काम करणं हीसुद्धा घटनेच्या कलम २३ खाली सक्तीचीच मजुरी, हेही त्यातच ठरलं. म्हणजे ज्याच्यासाठी काम होतं त्याची जबाबदारी मध्ये कंत्राटदार घातल्याने संपत नाही, हे तत्त्व आपल्याकडे चाळीस वर्षांहून जुनं आहे. जर्मनीने पुरवठा साखळीचा कायदा २०२३ पासून लागू केला तेव्हा आपल्याकडे त्याचं फार कौतुक झालं.

फक्त एक फट राहिली. साइटवर मजूर आणला तर मूळ मालक जबाबदार. तोच मजूर भट्टीवर ठेवून त्याची वीट विकत आणली तर ती साधी खरेदी. कायद्याच्या नजरेत कंपनीने माणूस घेतलेला नसतो, माल घेतलेला असतो. बाकी साखळीचा सगळा घोळ या फटीत आहे.

दुसरी फट नकाशातली. स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितेतही राज्याच्या हद्दीची अट कायम आहे. मोखाड्याहून गुजरातेत गेलात तर तुम्ही त्यात बसता. भिवंडीला गेलात तर नाही. घरापासूनचं अंतर आणि हाल दोन्हीकडे सारखे असले तरी.

प्रत्यक्ष अडचण आली तर भट्टी ज्या भागात आहे तिथल्या प्रांताधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी. मुक्ततेचा दाखला तिथून मिळतो आणि पुढची सरकारी मदत त्या दाखल्यावर अवलंबून असते. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असायला हव्यात असं कायदाच सांगतो. आपल्या भागात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून हे दाखले लढून मिळवले आहेत. त्याआधी, १९४५ मध्ये, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जमीनदारांची वेठ आणि लग्नगडी बंद पाडली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबायचं, ती लग्नगडीची रीत. आज बयाणा कशासाठी घेतला असं विचारलं तर ‘लग्नासाठी’ हे उत्तर अजूनही ऐकू येतं.

प्रश्न : खोडाळ्याजवळच मध्य वैतरणा धरण आहे. पाणी हीही कंपन्यांची पुरवठा साखळीच झाली ना? ती कोण मोजतं?

उत्तर : मोजतात, पण मुंबईच्या नळापासून. बीआरएसआरमध्ये कंपनीने वर्षभरात किती पाणी कुठून घेतलं ते भरावं लागतं. रकाने आहेत भूपृष्ठावरचं, भूजल, समुद्राचं, आणि ‘तिसऱ्या पक्षाकडून घेतलेलं’. मुंबईतल्या कंपनीला पाणी महापालिका देते, म्हणून ते तिसऱ्या पक्षाच्या रकान्यात पडतं आणि विषय मिटतो. त्या पक्षाने ते कुठून आणलं, याला रकाना नाही.

आणलं कुठून? मुंबईच्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी शहरात आहेत, बाकीचे पाच बाहेर. त्यातलं मध्य वैतरणा हे सर्वांत नवं. कोचाळ्याजवळचं हे धरण सुमारे १०२ मीटर उंच आहे आणि दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी शहराला देण्यासाठी बांधलेलं आहे. मोखाडा तालुक्याच्या डोंगरांवर पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, तो बुडीत क्षेत्रात जमा होतो आणि जलवाहिनीने मुंबईला जातो. एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतो. धरण खाली दरीत, पाडे वर डोंगरावर, पाणी वर चढवायला वीज आणि योजना हवी. हा नुसता भूगोलाचा दोष नव्हे, कारण शंभराहून अधिक किलोमीटर लांबच्या शहरासाठी तो भूगोल आड आला नाही.

कंपन्यांनी इथे काय करावं? एखाद-दुसरा हात धुवायचा नळ वाचवला म्हणून अहवालात पान भरण्यापेक्षा, आपल्या इमारतीत येणारं पाणी कोणत्या खोऱ्यातलं आहे ते आधी लिहावं. सीएसआरचा पैसा जिथे कार्यालय आहे त्या परिसराला झुकतं माप देऊन खर्च करा, असं २०१३ चा कंपनी कायदा सुचवतो. कार्यालय लोअर परळला आणि पाणी मोखाड्याचं असेल तर ‘परिसर’ कोणता धरायचा, हा विचार संचालक मंडळाने एकदा करून बघावा. डोंगरउतारावरच्या झऱ्याला टाकी बांधणं, सौरपंपाने पाणी पाड्यावर चढवणं, ही कामं या भागात संस्थांनी आणि ग्रामपंचायतींनी केलेली आहेत आणि मोठ्या कंपनीच्या मानाने खर्च किरकोळ आहे. पाड्यावर फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकलं तर वाल, हरभरा, मोगरा यातलं काहीतरी होतं, आणि बयाणा घेताना माणूस दर तरी विचारू शकतो.